शाळेची बस, रस्त्यावरचे मूल आणि वाहनचालकाची शिक्षा

दुपारी दीडच्या सुमारास शाळेची बस गावातल्या तिठ्यावर थांबते. डावीकडचे दार उघडते आणि दप्तरे सावरत दोन-तीन मुले उतरतात. त्यांतल्या एकाचे घर रस्त्याच्या पलीकडे असते. ते मूल बसच्या पुढून किंवा मागून रस्ता ओलांडू लागते, तेव्हा मागून येणाऱ्या चालकाला केवळ उभी बस दिसत असते. तिच्या आडोशाला असलेले मूल दिसत नसते. त्याच वेळी एखादा दुचाकीस्वार बसच्या डाव्या अंगाने, दार आणि गटार यांच्यामधल्या दोन हात जागेतून गाडी काढतो. बस धावत असते तोवर मूल निदान पत्र्याच्या आत असते. बस थांबल्यावर ते उघड्यावर येते.

अशा वेळी बेपर्वाईने वाहन हाकणाऱ्याला कायद्यात कोणती शिक्षा आहे, हा प्रश्न पालक-शिक्षक संघांच्या बैठकांत निघतो आणि बहुधा दोन समजुतींपाशी अडतो. मुलाला लागले नाही तर गुन्हाच घडला नाही, ही पहिली समजूत. पोलिसांनी चलन दिले आणि दंड भरला की प्रकरण मिटले, ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत. भारतीय कायद्यात मुलाला इजा होण्यापूर्वीच, केवळ धोका निर्माण करण्याच्या टप्प्यावर, गुन्हा पूर्ण होऊ शकतो. आणि धोकादायक वाहनचालनाचा गुन्हा सहसा जागच्या जागी दंड भरून मिटवता येत नाही. मात्र ही तरतूद शोधण्यासाठी ज्या कलमाकडे जावे लागते, त्यात ‘शाळेची बस’ हे शब्द कोठेही नाहीत.

स्वतंत्र कलम नाही, म्हणून गुन्हा नाही असे नव्हे

अमेरिकेत शाळेची बस थांबून तिचे लाल दिवे लुकलुकू लागले आणि बाजूला ‘थांबा’ अशी पाटी बाहेर आली, की मागच्या व समोरच्या वाहनांनी थांबावे, असा कायदा सर्व राज्यांत आहे. दुभाजक असलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना बहुतेक राज्ये सूट देतात. दंडाच्या रकमाही राज्यागणिक वेगळ्या आहेत. पण उभ्या बसला ओलांडून जाणे हाच तेथे गुन्हा होय. मूल रस्त्यावर होते की नव्हते, हे पाहिले जात नाही.

आपल्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये असे स्वतंत्र कलम नाही. अधिनियमाच्या कलम २ मध्ये ‘शैक्षणिक संस्थेची बस’ अशी व्याख्या आहे, परंतु ती शाळेच्या मालकीच्या आणि केवळ विद्यार्थी व कर्मचारी यांच्या ने-आणीसाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनापुरती आहे. त्या बसभोवतालच्या इतर वाहनांनी कसे वागावे, हे ती सांगत नाही. त्यामुळे उभ्या बसच्या बाजूने भरधाव जाणाऱ्या मोटारीवर कारवाई करायची, तर सर्वसाधारण कलमांचाच आधार घ्यावा लागतो. त्यांत सर्वांत महत्त्वाचे कलम १८४ आहे.

हे कलम धोकादायक वाहनचालनाचे. सार्वजनिक धोका उत्पन्न होईल, किंवा वाहनातील माणसे, रस्त्याचा वापर करणारे अन्य लोक आणि रस्त्याजवळचे लोक यांच्या मनात भीती वा क्लेश निर्माण होईल अशा वेगाने अथवा रीतीने वाहन चालवणे, हा या कलमाखालील गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी ६ महिन्यांहून कमी नाही आणि १ वर्षापर्यंत वाढू शकेल अशी कैद, किंवा १ हजार ते ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ३ वर्षांच्या आत पुन्हा तसाच गुन्हा केल्यास २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

या कलमातील दोन शब्दयोजना पालकांनी ध्यानात ठेवाव्यात. चालकाचे वर्तन धोकादायक होते की नाही, हे ठरवताना त्या जागेचे स्वरूप, तिची स्थिती आणि तिचा वापर पाहावा, असे कलम सांगते. शिवाय त्या क्षणी तेथे प्रत्यक्ष किती रहदारी होती एवढेच नव्हे, तर तेथे किती रहदारी असण्याची रास्त अपेक्षा करता येईल, हेही पाहावे लागते. याचा अर्थ असा की, शाळा सुटण्याच्या वेळी, शाळेच्या फाटकाशी किंवा थांबलेल्या बालरथाच्या शेजारी ‘मला मूल दिसलेच नाही’ हा बचाव फारसा टिकणारा नाही. पिवळी बस थांबली आहे, म्हणजे आसपास मुले असणार, ही अपेक्षा कोणत्याही सावध चालकाने बाळगायला हवी. जी गती रात्री ११ वाजता त्याच रस्त्यावर निर्दोष ठरेल, तीच दुपारी दीड वाजता गुन्हा ठरू शकते.

२०१९ च्या दुरुस्तीने या कलमाला जोडलेल्या स्पष्टीकरणात काही कृती नावानिशी सांगितल्या आहेत: लाल दिवा तोडणे, ‘थांबा’ चिन्हाचे उल्लंघन, वाहन चालवताना हातात मोबाइल धरून वापरणे, कायद्याविरुद्ध रीतीने दुसऱ्या वाहनाला ओलांडणे, नेमून दिलेल्या दिशेच्या उलट वाहन हाकणे, आणि सक्षम व सावध चालकाकडून अपेक्षित असलेल्या पातळीच्या फार खाली जाणारे कोणतेही वाहनचालन. बसच्या डावीकडून गाडी काढणारा दुचाकीस्वार यांतील चौथ्या प्रकारात थेट येतो, कारण आपल्याकडे ओलांडणे उजवीकडूनच करायचे असते. पुढचे वाहन उजवीकडे वळण्याचा इशारा देऊन रस्त्याच्या मध्याकडे गेले आहे, असे काही मोजके अपवाद तेवढे आहेत. प्रवासी उतरणाऱ्या दाराच्या बाजूने ओलांडणे तर सर्वांत घातक. गोव्यात ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की, ती करणाऱ्याला आपण काही चुकीचे करतो आहोत असे वाटतही नाही.

आता दंड भरून मोकळे होण्याविषयी. अधिनियमाच्या कलम २०० प्रमाणे पुष्कळ गुन्ह्यांत तडजोड शुल्क भरून खटला टाळता येतो. कलम १८४ मात्र या यादीत केवळ हातातील मोबाइलच्या वापरापुरतेच आहे. धोकादायक वाहनचालनाचे इतर प्रकार न्यायालयातच जायला हवेत. गणवेशातील पोलिसाच्या समक्ष असा गुन्हा घडल्यास कलम २०२ नुसार वॉरंटाशिवाय अटक करण्याचाही अधिकार आहे. प्रत्यक्षात अनेकदा सौम्य कलम लावून चलन दिले जाते आणि प्रकरण रस्त्यावरच संपते. तक्रारदाराने कलम १८४ चा उल्लेख स्वतः करावा, तो याच कारणासाठी.

वेग, आणि वेळापत्रक लावणारा

वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १ ते २ हजार, तर मध्यम व अवजड प्रवासी किंवा मालवाहू वाहनाला २ ते ४ हजार रुपये दंड आहे. अवजड वाहनाचा चालक पुन्हा त्याच गुन्ह्यात सापडला, तर त्याचा चालक परवाना जप्त होऊ शकतो. परंतु या कलमाला पुराव्याची एक अट आहे. ‘गाडी ८० च्या वेगाने जात होती’ असे एकाच साक्षीदाराचे मत असेल आणि ते यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजणीवर आधारलेले नसेल, तर केवळ त्यावर दोषी ठरवता येत नाही. म्हणून तिठ्यावर उभ्या असलेल्या आईने किंवा आजोबांनी वेगाचा आकडा सांगण्याच्या भरीस पडू नये. बस कोठे उभी होती, दार उघडे होते का, मूल कोठे होते, गाडी कोणत्या बाजूने आली, हॉर्न वाजवत आली की ब्रेक लावत, हे सांगावे. ते कलम १८४ च्या कामाला येते. वेगाचा अंदाज १८३ च्याही कामाला येत नाही.

त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे शाळांचे लक्ष जायला हवे. एखादा प्रवास ठरावीक वेळेत पूर्ण करावा असे वेळापत्रक प्रसिद्ध केले किंवा तशी सूचना दिली, आणि वेगमर्यादा न मोडता तेवढ्या वेळात तो प्रवास शक्यच नव्हता असे न्यायालयाचे मत झाले, तर वेळापत्रक लावणाऱ्याने किंवा सूचना देणाऱ्याने गुन्हा केल्याचा तो प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. म्हणजे स्टिअरिंगवर बसलेला चालक हा एकटाच आरोपी नव्हे.

एकच बस सकाळच्या पहिल्या घंटेपूर्वी दोन-दोन, तीन-तीन फेऱ्या मारते, हे आपल्या राज्यात सर्वपरिचित आहे. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या तालुक्यांत वाड्या विखुरलेल्या आहेत, रस्ते वळणांचे आहेत आणि पावसाळ्यात त्यांवर चिखल उतरतो. पहिली फेरी ७ ला सुटून पाऊण तासात दुसऱ्या फेरीसाठी परत यायलाच हवी, असा कागद कोणी कार्यालयात लावला असेल, तर तो कागद साधा राहत नाही. शासनाच्या बालरथ योजनेतील बस अनुदानित शाळांच्या व्यवस्थापनांकडून चालवल्या जातात. फेऱ्यांची आखणीही व्यवस्थापनच करते. चालकाला दोष देण्यापूर्वी ती आखणी एकदा घड्याळ लावून तपासावी. याशिवाय धोकादायक, मद्यधुंद किंवा शारीरिक-मानसिकदृष्ट्या अपात्र अवस्थेतील वाहनचालनास चिथावणी अथवा साहाय्य देणाऱ्यालाही कलम १८८ प्रमाणे मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे.

न्याय संहितेतील शिक्षा

मोटार वाहन अधिनियमाच्या जोडीला १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता आहे. तिच्या कलम २८१ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर मानवी जीवित धोक्यात येईल किंवा इजा होण्याचा संभव असेल इतक्या बेदरकारपणे वा निष्काळजीपणे वाहन चालवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम २७९. येथेही इजा होणे आवश्यक नाही, संभव पुरेसा आहे.

कलम १२५ तीन पायऱ्यांचे आहे. इतरांचे जीवित किंवा सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या नुसत्या कृतीला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुखापत झाल्यास ६ महिने किंवा ५ हजार. गंभीर दुखापत झाल्यास ३ वर्षे किंवा १० हजार. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच होय. त्यामुळे मुलाचा हात मोडला असेल आणि कागदोपत्री किरकोळ इजा लिहिली गेली असेल, तर पालकांनी वैद्यकीय अहवाल पुढे करून कलम बदलून घ्यावे.

मृत्यू झाल्यास कलम १०६ चे पोटकलम १ लागू होते. जुन्या संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती, म्हणजे केवळ दंडावर सुटण्याची वाट मोकळी होती. नव्या संहितेत ती ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी झाली. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात, अपघातानंतर पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्यास १० वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. जानेवारी २०२४ मध्ये देशभरातील मालवाहतूकदारांनी याच तरतुदीविरुद्ध चक्का जाम केला होता. संहिता लागू करताना हे पोटकलम वगळण्यात आले. त्याचा धाक दाखवणारे संदेश मोबाइलवर फिरतात, ते या पार्श्वभूमीवर वाचावेत.

याहून कठोर शिक्षा सदोष मनुष्यवधाची. आपल्या कृतीने मृत्यू ओढवू शकतो याची जाणीव असताना कोणी ती केली, तर कलम १०५ नुसार १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हा गुन्हा अजामीनपात्र आहे. मुंबईत २००६ साली वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली व ७ जण मरण पावले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये असे मानले की, मद्य पिऊन बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्याला परिणामाची जाणीव होती असे गृहीत धरता येऊ शकते. शाळेच्या बसचा चालक मद्यप्राशन करून बसला असेल, तर हा विचार त्याला अधिकच लागू पडतो, कारण आपल्या मागे किती जीव बसले आहेत हे त्याला ठाऊक असते.

११ एप्रिल २०२४ रोजी हरियाणातील महेंद्रगड जिल्ह्यात उन्हाणी गावाजवळ शाळेची बस उलटून ६ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. ईदची सुटी असताना शाळा भरवली होती आणि चालक दारूच्या नशेत असल्याचे पोलिसांनी सांगितले. अटक झाली ती चालकाबरोबर शाळेच्या प्रमुखांनाही. मद्यपानाचे साधे प्रकरण असेल, म्हणजे अपघात झालेला नसेल, तरीही १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळल्यास कलम १८५ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या वेळी २ वर्षे किंवा १५ हजार.

बसच्या चालकावरील विशेष बंधने

बाहेरच्या वाहनांविषयी कायदा मोघम असला, तरी बसच्या आतल्या बाबींविषयी तो बराच तपशिलात शिरतो. याला एक दुर्घटना कारण आहे. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वझिराबाद पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुलांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर दोनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवरील सुनावणीत दिल्लीतील वाहतुकीसंबंधी आदेश दिले, आणि पुढील काही आठवड्यांत शाळेच्या बसविषयी स्वतंत्र निर्देश आले. पुढे-मागे ठळक अक्षरांत ‘स्कूल बस’, भाड्याच्या बसवर ‘शाळेच्या सेवेत’ अशी पाटी, वेगनियंत्रक, खिडक्यांना आडव्या सळ्या, नीट बंद होणारे दार, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, शाळेचे नाव व दूरध्वनी क्रमांक, सोबत परिचर, आणि बेदरकार वाहनचालनाचा डाग असलेला चालक नको, ही आज सर्वत्र परिचित झालेली यादी तेथून निघाली.

ते निर्देश मुळात दिल्लीपुरते होते. पुढे राज्यांनी आपापले नियम केले. महाराष्ट्राने २०११ मध्ये शालेय बससाठी वेगळे नियम काढले आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती बंधनकारक केली. कर्नाटकाने २०१२ मध्ये शालेय मुलांची ने-आण करणाऱ्या वाहनांसाठी अटी घातल्या. दोडामार्ग, बांदा किंवा बेळगाव भागातील वाचकांना आपापल्या राज्याचे नियम लागू होतात, हे त्यांनी लक्षात घ्यावे. इंदूरमध्ये ५ जानेवारी २०१८ रोजी शाळेची बस दुभाजक ओलांडून ट्रकवर आदळली, ४ विद्यार्थी आणि चालक दगावले. त्या शहरातील खंडपीठाने डिसेंबर २०२४ मध्ये शालेय बससाठी सविस्तर सूचना दिल्या; त्यांत १२ वर्षांपेक्षा जुनी बस वापरू नये, अशीही एक आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानेही २०१७ मध्ये आपल्या संलग्न शाळांसाठी सूचना काढल्या होत्या.

बसमध्ये अधिक मुले कोंबल्यास कलम १९४अ नुसार प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. रक्कम किरकोळ वाटते. पण जादा प्रवाशांना उतरवून त्यांची पर्यायी व्यवस्था केल्याखेरीज वाहन पुढे नेता येत नाही, ही त्यातली खरी अडचण. मुलाला दारात किंवा पायरीवर उभे राहू देणे कलम १२३ ने मना केले आहे. वाहतूक परवान्याशिवाय किंवा परवान्याच्या अटी मोडून खासगी गाडीतून शुल्क घेऊन मुले नेणाऱ्याला कलम १९२अ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद आणि १० हजार रुपये दंड होऊ शकतो. गल्लोगल्ली चालणाऱ्या अशा गाड्या पालकांच्याच सोयीने चालतात, हे सांगायला कोणी तयार नसते.

बसमध्ये झोपी गेलेल्या मुलाला न पाहता बस बंद करून जाणे, किंवा लहान मुलाला त्याच्या थांब्यावर न उतरवता दुसरीकडे सोडून देणे, हे प्रकार वाहतुकीच्या कलमांत बसत नाहीत. तेथे बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७५ विचारात येते. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून त्याची हेळसांड केली आणि त्यामुळे मुलाला अनावश्यक शारीरिक वा मानसिक यातना होण्याचा संभव असेल, तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही. निव्वळ विसरभोळेपणा आणि जाणूनबुजून केलेली हेळसांड यांतील सीमारेषा अर्थात पुराव्यानेच ठरते.

गोवा बाल अधिनियम

गोव्याचा स्वतःचा बाल अधिनियम २००३ सालचा आहे आणि अशा प्रकरणांसाठी स्वतंत्र बाल न्यायालय आहे. बाल अत्याचारास त्यात ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपये दंडाची शिक्षा आहे. मुलाला वाहनाची धडक बसली की हे कलम आपोआप लागते, असा समज काहींचा आहे. तो खरा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये गोव्यातीलच एका प्रकरणात, भांडणाच्या ओघात मुलाला दप्तराचा फटका बसणे हा बाल अत्याचार नव्हे, असे म्हटले. क्रौर्याचा किंवा अत्याचाराचा हेतू दिसायला हवा, हा त्या निर्णयाचा रोख. निष्काळजी वाहनचालन त्या चौकटीत सहजी बसणार नाही.

परंतु अधिनियमातील बाल अत्याचाराच्या व्याख्येत एक वाक्यांश आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. जखमी मुलाला तात्काळ वैद्यकीय उपचार न मिळवून दिल्यामुळे त्याच्या वाढीवर गंभीर परिणाम झाला, त्याला कायमचे अपंगत्व आले किंवा त्याचा मृत्यू झाला, तर तेही अत्याचारात मोडते. धडक देऊन पसार होणाऱ्या चालकाविरुद्ध हा मुद्दा मांडता येण्याजोगा आहे असे वाटते. तो टिकेल की नाही हे न्यायालयच ठरवील. मोटार वाहन अधिनियमाचे कलम १३४ तर स्पष्टच आहे. जमावाच्या रोषासारखे आवाक्याबाहेरचे कारण नसेल, तर चालकाने जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोहोचवलेच पाहिजे, आणि पोलिसांना शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, कळवले पाहिजे. हे न केल्यास कलम १८७ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

फाटकाशी उभी असलेली पालकांची वाहने

शाळेच्या फाटकाशी मुलांना धोका निर्माण करणारे वाहन पुष्कळदा दुसऱ्या मुलाच्या पालकाचेच असते. दुहेरी रांगेत गाडी लावणे, मूल उतरताच भर्रकन मागे घेणे, स्कूटरवर तिघांना बसवणे हे रोजचे दृश्य आहे. १४ वर्षांखालील मुलाला आसनपट्टा किंवा बालसुरक्षा आसन न लावता मोटारीतून नेल्यास कलम १९४ब प्रमाणे चालकाला १ हजार रुपये दंड आहे.

उच्च माध्यमिकच्या मुलांना स्कूटर देणाऱ्या घरांनी कलम १९९अ वाचावे. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचे पालक अथवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो: ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत चालक परवाना मिळत नाही. आपल्या नकळत हे घडले किंवा आपण ते टाळण्याचा पुरेपूर प्रयत्न केला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकांवरच असते. घरच्या खुंटीवर लटकणारी किल्ली पाहता ते सिद्ध करणे सोपे नाही. २०१९ च्या दुरुस्तीतील वाढीव दंड गोव्यात लागू करणे काही काळ पुढे ढकलले गेले होते, त्यामुळे जुन्याच रकमा अनेकांच्या डोक्यात आहेत.

तक्रार कशी करावी

मुलाला धोका निर्माण करणाऱ्या वाहनाचा क्रमांक, रंग, दिनांक, वेळ आणि नेमकी जागा लगेच लिहून ठेवावी. चालक कोण होता हे ठाऊक नसले तरी बिघडत नाही. कलम १३३ नुसार पोलिसांनी विचारल्यास वाहन कोण चालवत होते, याची माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे. बसमध्ये कॅमेरा असल्यास चित्रण पुसले जाण्यापूर्वी मुख्याध्यापकांना लेखी पत्र देऊन ते जपून ठेवण्यास सांगावे. तोंडी विनंतीचा पुढे उपयोग होत नाही. तातडीच्या प्रसंगी ११२ या क्रमांकावर पोलीस, १०८ वर रुग्णवाहिका आणि १०९८ वर बालकांसाठीची हेल्पलाइन मिळते. जखमी मुलाला रुग्णालयात नेणाऱ्या वाटसरूवर कोणतीही जबाबदारी येत नाही; कलम १३४अ त्याला संरक्षण देते आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. घटना कोणाच्या हद्दीत घडली हे कारण सांगून परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही पाठवता येते, मात्र ३ दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. ठाण्याने नोंद नाकारल्यास टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. बसचालकाची किंवा बसची तक्रार असेल, तर एक प्रत वाहतूक खात्याला आणि शाळा अनुदानित असल्यास शिक्षण खात्यालाही द्यावी, कारण चालक परवाना निलंबित करण्याचा अधिकार वाहतूक खात्याकडे आहे.

नुकसानभरपाईची वाट फौजदारी खटल्याहून वेगळी आहे. ती मोटार अपघात दावे न्यायाधिकरणाकडून मिळते आणि त्यासाठी चालक दोषी ठरण्याची वाट पाहावी लागत नाही. दोष सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. पळून गेलेले वाहन सापडलेच नाही, तर कलम १६१ च्या योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. कलम १६६ खालील दाव्याला मात्र अपघातापासून ६ महिन्यांची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने पुन्हा घातली. मुलावरचे उपचार आणि चुकलेली शाळा यांच्या धावपळीत हे ६ महिने बघता बघता सरतात.

एखाद्या विशिष्ट तिठ्यावर धोका वारंवार दिसत असेल, तर अपघात होण्यापूर्वीही एक अर्ज करता येतो. अधिनियमाच्या कलम ११२ व ११६ खाली ठरावीक रस्त्यावर किंवा जागी कमी वेगमर्यादा अधिसूचित करून तसे फलक लावता येतात. आपल्याकडे अशा अधिसूचना जिल्हा दंडाधिकारी काढतात. पंचायतीचा ठराव, शाळेचे पत्र आणि बस थांबण्याच्या जागेचा साधा नकाशा जोडून अर्ज द्यावा. फलक अधिसूचनेशिवाय लावलेला असेल, तर त्या मर्यादेवर आधारलेले चलन न्यायालयात टिकणे अवघड जाते. म्हणून रंगवलेल्या पाटीवर समाधान न मानता अधिसूचनेचा क्रमांक मागून घ्यावा.